२ वरून ३ पडताना इंजिन मोकळं पळतं, रिव्हर्स उशिरा लागतो: ६ गिअरच्या ऑटोमॅटिकमध्ये दोष नेमका कुठे?

रहाटगाडगं

पेट्रोल गाडी, इंजिन आडवं, पुढची चाकं ओढणारी. गिअरबॉक्स टॉर्क कन्व्हर्टरचा, ६ गिअरचा, लेपेलेतिए रचनेचा (पाच क्लच-ब्रेकांवर सहा गिअर देणारी मांडणी). ९६,००० किमी झालेत, एटीएफ (ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं ऑइल) एकदाही बदललेलं नाही.

थंड असताना सगळं ठीक. ऑइल ८० अंशांच्या पुढे गेलं की २ वरून ३ पडताना इंजिन क्षणभर मोकळं पळतं, आरपीएम चारएकशेनं वर उडतो आणि मग ३ धक्क्यानं बसतो. ४ वरून ५ लाही तेच, जरा कमी. ३ वरून ४ आणि ५ वरून ६ मात्र स्वच्छ. गरम असताना आर टाकला की दोन सेकंद काहीच होत नाही, मग धाडकन लागतो. डी लगेच लागतो.

कोड दोन: पी०७०० आणि पी०७३३. दिवा लागला तेव्हा गाडी फेल-सेफमध्ये (एकाच गिअरवर चालायची बचावाची अवस्था) गेली, इंजिन बंद-चालू केल्यावर पुन्हा सगळे गिअर मिळाले. कोड अजून पुसलेले नाहीत. टर्बाइनचा (गिअरबॉक्समध्ये शिरणाऱ्या शाफ्टचा) वेग, आउटपुटचा (बाहेर पडणाऱ्या शाफ्टचा) वेग आणि ऑइलचं तापमान चालू गाडीत दाखवणारा स्कॅनर आहे, मल्टिमीटर आहे. गिअरबॉक्स उतरवायच्या आधी काय तपासावं आणि कोणत्या क्रमानं?

---

वंगण

कोड पुसले नाहीत हे उत्तम केलंत. फ्रीझ फ्रेममधलं (कोड पडला त्या क्षणाच्या नोंदीतलं) तापमान, वेग आणि थ्रॉटल लिहून ठेवा. अ‍ॅडाप्टेशनचे आकडे (क्लचचा दाब कंट्रोलरनं आपोआप किती बदलला ते) दिसत असतील तर त्यांचाही फोटो काढा. ते एकदा रीसेट केले की हा पुरावा परत मिळत नाही.

मग सर्वात आधी ऑइलची पातळी. या प्रकारात बहुधा डिपस्टिक नसते, पातळी चेंबरच्या (गिअरबॉक्सच्या तळाचं ऑइलचं भांडं) बोल्टातून बघतात, आणि ती बघण्यात फार चुका होतात म्हणून सविस्तर लिहितो.

गाडी चारही कोपऱ्यांवर स्टँड लावून सपाट उभी हवी. नुसतं पुढचं नाक जॅकवर उचलून घेतलेली पातळी खोटी असते. ऑइल ३० अंशांच्या खाली असताना इंजिन सुरू करा, ब्रेक दाबून पी-आर-एन-डी प्रत्येकी दोन-तीन सेकंद फिरवा आणि पी मध्ये परत या. वॉल्व्ह बॉडीतले (क्लचांना ऑइलचा दाब वाटणारा भाग) मार्ग भरले नाहीत तर पातळी जास्त दिसते. स्कॅनरवर तापमान ३५ ते ४५ अंशांच्या दरम्यान आलं की इंजिन चालू ठेवूनच तपासणीचा बोल्ट काढा. आधी बारीक धार, मग थेंब थेंब, म्हणजे पातळी बरोबर. काहीच आलं नाही तर कमी आहे, वरच्या तोंडातून थेंब पडेपर्यंत भरा. तापमान ६० वर गेल्यावर बघाल तर ऑइल फुगलेलं असतं, भरपूर बाहेर येतं, माणूस 'जास्त होतं' म्हणून सोडून देतो आणि गिअरबॉक्स उपाशी राहतो.

दोन गोष्टी आवर्जून. खालचा बोल्ट काढण्याआधी वरचं भरायचं तोंड उघडतंय याची खात्री करा, ते जाम निघालं तर गाडी तिथेच अडकते. आणि बऱ्याच चेंबरमध्ये तपासणीच्या बोल्टाच्या आत एक नळी असते. ती पातळी ठरवते, तिला हात लावू नका. ती निघाली की सगळं ऑइल खाली येतं.

पडलेले थेंब पांढऱ्या टिश्यूवर घ्या. गडद तपकिरी हे वयाचं लक्षण. काळं आणि करपट वास म्हणजे क्लचच्या प्लेटा जळल्यात. गुलाबी दुधाळ दिसलं तर बाकीचं सगळं थांबवा. ते कूलरमधून आलेलं कूलंट असतं आणि त्यातलं ग्लायकॉल व पाणी प्लेटांवरच्या अस्तराचा गोंद सोडवतात.

---

चक्रधर

पातळी बघाच, पण लक्षणं वाचून मला ती मूळ दोष वाटत नाही. ऑइल कमी असलं की त्रास गिअर निवडून होत नाही. वळणावर, चढावर, जोरात ब्रेक मारल्यावर, कुठेही होतो आणि पंपाची शीळ ऐकू येते. इथे त्रास ठरावीक गिअरांनाच आहे आणि तोच सगळ्यात मोलाचा धागा आहे. कोणता गिअर कोणत्या क्लचवर उभा आहे ते मांडून बघू. या रचनेत असं असतं (सी म्हणजे क्लच, बी म्हणजे ब्रेक):

१ – सी१ आणि वन-वे क्लच
२ – सी१ + बी१
३ – सी१ + सी३
४ – सी१ + सी२
५ – सी२ + सी३
६ – सी२ + बी१
आर – सी३ + बी२

(काही कंपन्या सी ऐवजी के लिहितात, क्रम तोच.)

दुखणारे गिअर ३, ५ आणि आर. तिघांत समान असलेला एकच भाग, सी३. आता उलट बाजूनं पडताळा. सी१ खराब असता तर १, २ आणि ४ नाही बिघडले असते का? ते स्वच्छ आहेत. सी२ वर ४ आणि ६ चालतात, तेही स्वच्छ. बी१ वर २ आणि ६, स्वच्छ.

३→४ आणि ५→६ का ठीक आहेत, याचंही उत्तर याच तक्त्यात आहे. त्या दोन्ही बदलांत सी३ सुटतो, धरत नाही. क्लचला दाब मिळायला उशीर होत असेल तर तो धरताना जाणवतो, सोडताना नाही. तुमची सगळी लक्षणं इथे बसली.

एक फट उरते. रिव्हर्सला बी२ सुद्धा लागतो, तेव्हा उशीर त्याचाही असू शकतो. मॅन्युअल मोडमध्ये १ ला धरून इंजिन ब्रेकिंग मिळतं ते बी२ मुळे, कारण वन-वे क्लच उलट्या दिशेनं मोकळा फिरतो. तर ऑइल गरम असताना उतारावर मॅन्युअल १ मध्ये अ‍ॅक्सिलरेटर सोडा. इंजिननं गाडी अडवली तर बी२ धडधाकट. गाडी न्यूट्रलसारखी घरंगळली तर बी२ पण यादीत.

---

विद्युल्लता

चक्रधर यांच्या तक्त्याला पूर्ण सहमती. मी विजेच्या बाजूचं लिहिते, कारण ते बिनखर्चाचं आहे आणि कुठलाही बोल्ट खोलण्याआधी होतं.

आधी कोडचा अर्थ. पी०७०० हा दोष नाही. गिअरबॉक्सच्या कंट्रोलरनं इंजिनच्या कंट्रोलरला 'माझ्याकडे कोड आहे, दिवा लाव' एवढंच कळवलेलं असतं. पी०७३३ म्हणजे तिसऱ्या गिअरचं गुणोत्तर जुळत नाही. हा कोड सोलेनॉईडच्या (ऑइलचा दाब सोडणाऱ्या, विजेवर चालणाऱ्या वॉल्व्हच्या) तारेबद्दल काहीच सांगत नाही. वायर तुटली किंवा शॉर्ट झाली की सोलेनॉईडच्या स्वतःच्या सर्किटचा कोड येतो, तो तुमच्याकडे नाही. पण कंट्रोलरला फक्त प्रवाह दिसतो. प्रवाह बरोबर गेला आणि आतला वॉल्व्ह घाणीमुळे अडकला, तर त्याच्या लेखी सोलेनॉईड ठीकच असतो. म्हणून इलेक्ट्रिकल कोड नाही याचा अर्थ सोलेनॉईड निर्दोष, असा घेऊ नका.

१. बॅटरी आणि अर्थिंग. सेल्फ मारताना बॅटरीच्या निगेटिव्हपासून गिअरबॉक्सच्या बॉडीपर्यंत मल्टिमीटर लावा. ०.२ व्होल्टपेक्षा जास्त दिसलं तर अर्थची पट्टी खराब. व्होल्टेज पडलं की कंट्रोलर वेडेवाकडे कोड टाकतो आणि लोक गिअरबॉक्स उघडून बसतात.

२. मुख्य कनेक्टर. काढून बघा, पिनांवर ऑइल आहे का. काही गिअरबॉक्समध्ये ऑइल वायरच्या आतून केशाकर्षणानं चढत कंट्रोलरपर्यंत पोचतं.

३. सोलेनॉईडचा रोध, कनेक्टरवरूनच. या प्रकारात लिनिअर (दाब कमी-जास्त करणारे) सोलेनॉईड २० अंशांला साधारण ५ ते ५.६ ओहम आणि ऑन-ऑफ प्रकारचे ११ ते १५ ओहम असतात. तुमच्या मॅन्युअलमधला आकडा अंतिम. प्रत्येक पिन बॉडीशीही तपासा, तिथे जोड दिसता कामा नये.

४. त्रास गरम असताना होतो, म्हणून मोजमापही गरम असताना पुन्हा. तांब्याचा रोध दर अंशाला ०.३९ टक्क्यांनी वाढतो. २० अंशांला ५.३ ओहम असेल तर ९० ला सुमारे ६.७ दिसायला हवा. ८-९ ओहम किंवा मधूनच तुटलेला दिसला तर आतली वायरिंग बघावी लागेल.

५. लॉग. टर्बाइन भागिले आउटपुट, हे झालं प्रत्यक्ष गुणोत्तर. या कुटुंबात ४.१४८, २.३७०, १.५५६, १.१५५, ०.८५९, ०.६८६ आणि रिव्हर्स ३.३९४ ही गुणोत्तरं खूप आढळतात, तरी तुमच्या गिअरबॉक्सची ताडून घ्या. २→३ बदलात आकडा २.३७० वरून सरळ १.५५६ वर उतरला पाहिजे. मोकळं पळणं म्हणजे तो आधी २.३७० च्या वर जातो. बी१ सुटला, सी३ नं अजून धरलं नाही, दोघांच्या मधल्या पोकळीत टर्बाइन सुटं झालं.

आणि ३ मध्ये स्थिर चालताना थोडा जोर द्या. आकडा १.५५६ वर ठाम राहतो का, ते नोंदवा. या एका निरीक्षणावर पुढचं बरंच अवलंबून आहे.

---

पाऊलवाट

वाचतोय. मधेच एक प्रश्न. ७०-८० च्या वेगाला हलक्या पायानं चालताना गाडी दोन-तीन सेकंद थरथरत असेल, गिअर न बदलता, तर तोही क्लचचाच दोष का? आणि हा तक्ता सीव्हीटी किंवा डीसीटीला लागू होतो का?

---

चक्रधर

ते बहुतेक टॉर्क कन्व्हर्टरच्या लॉकअपचं (इंजिन आणि गिअरबॉक्स थेट जोडणारा त्यातला क्लच). थरथर चालू असताना अ‍ॅक्सिलरेटर तसाच ठेवून डाव्या पायानं ब्रेकला नुसता स्पर्श करा, दिवा लागेल इतकाच. लॉकअप सुटतं, आरपीएम दोन-तीनशेनं वर जातो. त्याच क्षणी थरथर थांबली तर लॉकअप क्लच, त्याचा वॉल्व्ह किंवा म्हातारं ऑइल. तरीही थरथरत राहिली तर इंजिनचा मिसफायर, माउंटिंग, ड्राइव्हशाफ्ट यांच्याकडे वळा. मिसफायर काउंटर आधी बघावा. खराब कॉइलची थरथर लॉकअपसारखीच वाटते आणि त्यापायी चांगले कन्व्हर्टर बदलले जातात. लॉकअपच्या सतत घसरण्याचा कोड पी०७४१.

सीव्हीटीत गिअरच नाहीत, पट्टा आणि दोन पुल्या, म्हणून हा तक्ता लागू नाही. डीसीटीत विषम गिअर एका क्लचवर आणि सम दुसऱ्यावर, तेव्हा तिथे '१-३-५ बिघडले की २-४-६' असा प्रश्न विचारायचा. एएमटी हा मॅन्युअल गिअरबॉक्सच, क्लच दाबणारा हात तेवढा यंत्राचा. त्यात क्लचची झीज आणि अ‍ॅक्च्युएटर बघायचे. आणि ऑइल यांपैकी कुणाचंही कुणाला चालत नाही. सीव्हीटीत साधं एटीएफ घालणं म्हणजे पट्टा घसरवणं.

---

रहाटगाडगं

एवढं तपासून झालं:

पातळी ४० अंशांला बरोबर, थेंब थेंब. रंग गडद तपकिरी, किंचित करपट वास, दुधाळपणा नाही. गरम ऑइलवर मॅन्युअल १ मध्ये इंजिन ब्रेकिंग पूर्ण मिळतं. अर्थचा व्होल्टेज ड्रॉप ०.०६. कनेक्टर कोरडा.

लिनिअर सोलेनॉईड सगळे २४ अंशांला ५.२ ते ५.४ ओहम. सी३ चा ८८ अंशांला ६.७. बॉडीशी जोड कुठेच नाही.

लॉग: ८८ अंशांला २→३ मध्ये, आउटपुट १,२०० असताना गुणोत्तर २.३७० वरून २.७२ पर्यंत चढलं, मग १.५५६ वर आपटलं. बदलाला एकूण सेकंदाच्या वर लागलं. थंड असताना हा उंचवटा नाही. ३ मध्ये स्थिर चालताना, अगदी चढावर जोर देऊनही, १.५५६ ठाम. सी३ चं अ‍ॅडाप्टेशन वरच्या मर्यादेला टेकलेलं, बाकीचे मध्यावर.

म्हणजे बी२ संशयातून सुटला आणि विजेची बाजूही सुटली. स्टॉल टेस्ट (ब्रेक दाबून उभ्या गाडीत पूर्ण थ्रॉटल) करू का?

---

चक्रधर

नको. स्टॉल टेस्ट डी मध्ये केलीत तर तपासला जातो १ ला गिअर, म्हणजे सी१ आणि वन-वे. त्यांच्यावर आपला संशयच नाही. रिव्हर्समध्ये केली तर सी३ तपासला जाईल, पण थकलेल्या क्लचवर पूर्ण थ्रॉटल देणं म्हणजे उरलेलं अस्तर जाळणं. शिवाय आजच्या बऱ्याच गाड्यांचा कंट्रोलर उभ्या गाडीत टॉर्क कापतो, त्यामुळे आकडाही भरवशाचा येत नाही. जिथे करायचीच तिथे पाच सेकंदांच्या वर नाही आणि दोन चाचण्यांच्या मधे न्यूट्रलमध्ये किमान एक मिनिट.

त्यापेक्षा टाइम लॅग मोजा. हँडब्रेक लावून, ब्रेक दाबून, आयडलला एन→डी आणि एन→आर. लिव्हर हलवल्यापासून धक्का जाणवेपर्यंत स्टॉपवॉच. तीनदा मोजून सरासरी, मधे एकेक मिनिट. डी ला १.२ सेकंदांच्या आत आणि आर ला १.५ च्या आत हवं. दुरुस्तीनंतर हाच आकडा पुन्हा मोजता येतो, हा मोठा फायदा.

आणि तुमच्या लॉगमधली उत्तम बातमी म्हणजे ३ मध्ये जोर देऊनही १.५५६ ढळत नाही. प्लेटा जळून गेल्या असत्या तर चढावर आकडा १.६-१.७ असा सरकत राहिला असता. सी३ एकदा धरल्यावर पूर्ण धरतो, त्याला धरायलाच उशीर होतोय. प्लेटा दाबणाऱ्या पिस्टनमागची जागा ऑइलनं वेळेवर भरत नाही. थंड ऑइल घट्ट असतं, फटीतून कमी गळतं, म्हणून थंड असताना त्रास नाही. गरम झाल्यावर तेच ऑइल पातळ होऊन फटीतून पळतं. कंट्रोलर दाब वाढवत वाढवत मर्यादेला जाऊन टेकला, आता त्याच्या हातात काही उरलेलं नाही.

आता प्रश्न एवढाच: गळती वॉल्व्ह बॉडीत आहे की क्लचच्या ड्रमच्या (प्लेटा आणि पिस्टन ज्यात बसतात) सीलमध्ये? वॉल्व्ह बॉडीत असेल तर गिअरबॉक्स गाडीतच राहील.

---

वंगण

वॉल्व्ह बॉडी खोलण्याआधी ऑइल बदलून बघायला हरकत नसावी. ९६,००० किमीचं ऑइल आहे, पातळ पडलेलं. ताज्या ऑइलनं उंचवटा कमीही होईल.

प्रमाण लक्षात घ्या. बोल्ट काढल्यावर ७ लिटरपैकी ३ च्या आसपास निघतं, बाकीचं कन्व्हर्टर आणि कूलरमध्ये राहतं. एकदा बदललं तर नवं ४३ टक्के. मधे गाडी चालवून असंच तीनदा केलं तर जुनं (४/७) चा घन, म्हणजे १९ टक्के उरतं. ऑइल कंपनीनं सांगितलेल्या स्पेसिफिकेशनचंच. 'सर्व गाड्यांना चालणारं' नको, लॉकअप आणि क्लचचं घर्षण त्या ऑइलच्या अ‍ॅडिटिव्हवर ठरतं.

---

चक्रधर

वंगण, ऑइल बदलायला हवंच, पण उपाय म्हणून त्याच्यावर विसंबू नये. अ‍ॅडाप्टेशन मर्यादेला टेकलंय, एवढी गळती नव्या ऑइलनं भरून निघत नाही. उंचवटा थोडा कमी होईल, माणूस गाडी चालवत राहील, आणि प्रत्येक बदलात सी३ घासून गरम होत राहील. आज प्लेटा शाबूत आहेत. चार महिने असंच चाललं तर त्या शाबूत राहणार नाहीत आणि मग गिअरबॉक्स उतरवावाच लागेल.

चेंबर मात्र लगेच काढा, वॉल्व्ह बॉडीकडे जायचा रस्ता तोच आहे आणि चेंबरमधला गाळ साक्ष देतो. चुंबकावर राखाडी, मऊ, लोण्यासारखा थर असेल तर ती साधी झीज. टोचणारे पोलादी कण म्हणजे बेअरिंग किंवा गिअरचे दात. पिवळसर चमक म्हणजे बुश. चुंबकाला न चिकटणारी चंदेरी चमक म्हणजे अ‍ॅल्युमिनिअम, पंप किंवा केसिंग. काळा चुरा, तुकडे म्हणजे प्लेटांचं अस्तर. हे ऑइलमध्ये सापडलं तर वॉल्व्ह बॉडीवर खर्च करू नये.

---

सूक्ष्ममापी

वॉल्व्ह बॉडी की ड्रम, हे हवेच्या दाबाने ठरते. पद्धत अशी.

बॅटरीची निगेटिव्ह काढा, ऑइल गाळा, चेंबर व फिल्टर काढा. वॉल्व्ह बॉडीचे बोल्ट वेगवेगळ्या लांबीचे असतात. पुठ्ठ्यावर वॉल्व्ह बॉडीची आकृती काढून प्रत्येक बोल्ट त्याच्या जागी टोचून ठेवा. लांब बोल्ट आखूड भोकात गेला तर केसिंग फुटते. बोल्ट बाहेरून आत, थोडे थोडे सैल करा. मॅन्युअल वॉल्व्हचा जोड सोडवताना वाकवू नका.

वॉल्व्ह बॉडी उतरली की केसिंगमध्ये दाबाची भोके उघडी दिसतात. मॅन्युअलवरून सी१, सी२ व सी३ ची भोके ओळखा. कॉम्प्रेसरचा दाब २ ते ३ बारवर आणा. हवा कोरडी हवी. रबरी टोकाचा नोझल भोकावर दाबून हवा सोडा. निरोगी क्लच घट्ट 'थप्' आवाज करून बसतो, हवा थांबवली की पुन्हा सुटल्याचा आवाज येतो. सीलिंग रिंगच्या जोडातून थोडी सुरसुर नैसर्गिक आहे, म्हणूनच सी३ एकटा तपासू नका. सी१ व सी२ शी तुलना करा. तिघांची सुरसुर सारखी असेल तर ड्रम निर्दोष. सी३ मध्ये 'थप्' मऊ, उशिरा, आणि हवा सतत वाहत असेल तर पिस्टनचे रबर किंवा सीलिंग रिंगा गेल्या, गिअरबॉक्स उतरवावा लागेल. डोळ्यांना चष्मा लावा, भोकात उरलेले ऑइल जोरात उडते.

ड्रम निर्दोष ठरला तर वॉल्व्ह बॉडी टेबलावर घ्या. पोलादासारखा कठीण पृष्ठभाग असलेला वॉल्व्ह अ‍ॅल्युमिनिअमच्या बोअरमध्ये लाखो वेळा थरथरतो, झिजतो तो बोअर. डोळ्यांनी दिसेल असे नाही. निर्वात पंप लावून बघावे. नळीचे तोंड बोटाने बंद करून मीटरवर ०.८ बारच्या पुढे निर्वात येतो का पाहा, मग सी३ च्या कंट्रोल वॉल्व्हच्या दोन कड्यांमधल्या मार्गावर लावा आणि त्या मार्गाची बाकीची तोंडे बंद करा. ०.६ बारच्या वर टिकले तर बोअर वापरण्याजोगा. त्याखाली घसरले तर गळती हीच. शेजारच्या सारख्या बोअरवर तीच चाचणी करून दोन आकडे शेजारी लिहा. वॉल्व्ह स्वतःच्या वजनाने बोअरमध्ये सरकला पाहिजे, अडकत असेल तर घाण किंवा ओरखडा.

दोन भाग वेगळे कराल तर पोलादी पत्रा वर उचलण्याआधी चेक बॉल (ऑइल एकाच दिशेने जाऊ देणाऱ्या गोळ्या) मोजा, फोटो घ्या. एक बॉल चुकीच्या कप्प्यात गेला तर नवाच दोष तयार होतो.

---

विद्युल्लता

सोलेनॉईड अदलाबदलीचा मोह होईल म्हणून लिहिते. एकसारखे दिसणारे लिनिअर सोलेनॉईड एकसारखे असतीलच असं नाही. काही प्रवाह नसताना दाब देतात, काही प्रवाह नसताना दाब तोडतात. ते उलटसुलट झाले तर दोन क्लच एकदम धरू शकतात आणि गिअरबॉक्स आतून बांधला जातो. पार्ट नंबर आणि प्रकार जुळल्याशिवाय हलवू नका. सोलेनॉईडला थेट १२ व्होल्टही देऊ नका. ५ ओहमला २ अँपिअरच्या वर जातील, तो साधारण १ अँपिअरवर चालण्यासाठी बनलेला असतो. मालिकेत २१ वॉटचा इंडिकेटरचा बल्ब लावून क्लिक ऐका.

---

रहाटगाडगं

दुरुस्तीआधीचा टाइम लॅग, गरम: डी ०.९ सेकंद, आर २.३.

चुंबकांवर पातळ राखाडी थर, टोचणारं काही नाही, पिवळं-चंदेरी काही नाही. तळाशी काळसर साय, तुकडे नाहीत.

हवा २.५ बार: सी१, सी२, सी३ तिन्हींचा 'थप्' घट्ट, सुरसुर सारखी. निर्वात: शेजारचे दोन बोअर ०.६८ आणि ०.७०, सी३ च्या कंट्रोल वॉल्व्हचा ०.४१. वॉल्व्ह मोकळा सरकतो, ओरखडे नाहीत.

---

सूक्ष्ममापी

निदान झाले. सी३ च्या कंट्रोल वॉल्व्हचा बोअर झिजला आहे, गिअरबॉक्स उतरवू नका.

मार्ग दोन. बोअर रीमरने वाढवून मोठ्या मापाचा वॉल्व्ह बसवणे, किंवा तपासून आलेली वॉल्व्ह बॉडी लावणे. रीमरचे काम करायचे तर वॉल्व्ह बॉडी जिगमध्ये पकडून, भरपूर कटिंग ऑइलवर, रीमर हाताने हळू आणि एकाच दिशेने फिरवत. रीमर उलटा फिरवला की बोअरला चरा पडतो. जिग नसेल तर हा नाद करू नये, दुसरा मार्ग घ्यावा. नुसता नवा सोलेनॉईड लावून हा दोष जाणार नाही.

बसवताना: बोल्ट मधून बाहेर, दोन फेऱ्यांत, टॉर्क रेंचने. हे छोटे बोल्ट असतात, टॉर्क बहुधा १० न्यूटन-मीटरच्या आसपास, मॅन्युअलचा आकडा पाळा. जास्त आवळले तर बॉडी वाकते आणि वॉल्व्ह अडकतात. ओ-रिंगांना एटीएफ किंवा पेट्रोलियम जेली लावा. साधे ग्रीस ऑइलमध्ये विरघळत नाही, सोलेनॉईडच्या जाळीत जाऊन बसते. पुसायला धागे सुटणारे फडके नको.

---

विद्युल्लता

दुसरी वॉल्व्ह बॉडी लावणार असाल तर तिच्यासोबत कॅलिब्रेशनचा कोड किंवा फाइल येते का, ते आधी विचारा. बऱ्याच गिअरबॉक्समध्ये प्रत्येक सोलेनॉईडचा प्रवाह-दाब आलेख कंट्रोलरमध्ये भरावा लागतो. तो न भरता गाडी चालवली तर चांगली वॉल्व्ह बॉडीही धक्के देते. अ‍ॅडाप्टेशन रीसेट आता करायचं. नाही तर कंट्रोलर जुन्या गळतीसाठी वाढवलेला दाब निरोगी वॉल्व्ह बॉडीला देईल आणि ३ हातोडा मारल्यासारखा बसेल.

---

वंगण

फिल्टर आणि चेंबरचं पॅकिंग नवं घाला. जेवढं निघालं ते मापाच्या भांड्यात मोजून तेवढंच भरा. वॉल्व्ह बॉडी उतरवल्यामुळे ३ लिटरपेक्षा जास्त निघालेलं असेल. मग ४० अंशांची पातळी वर लिहिल्याप्रमाणे. जुनं ऑइल मिसळलेलं राहतं, म्हणून हजार किमीनंतर पुन्हा ३ लिटर बदला. तळाशी काळी साय होती, तेव्हा कूलरचा प्रवाहही बघा. परतीची नळी भांड्यात सोडून आयडलला २० सेकंदांत लिटरभर यायला हवं. कूलरच्या वाटेत थर्मोस्टॅट असेल तर तो उघडण्याइतकं ऑइल गरम झाल्यावर. वीस सेकंदांच्या वर इंजिन चालवू नका, आतलं ऑइल उपसलं जातं. मोजल्यावर पातळी पुन्हा बघायची.

---

चक्रधर

अ‍ॅडाप्टेशनची फेरी ऑइल ६५ च्या वर गेल्यावरच सुरू होते. एक चतुर्थांश थ्रॉटलवर १ पासून ६ पर्यंत सगळे गिअर पडू द्या, मग अ‍ॅक्सिलरेटर सोडून ब्रेक न दाबता जितकं शक्य तितकं सावकाश उतरू द्या, पूर्ण थांबा, पुन्हा तेच. आठ-दहा फेऱ्या. नंतर उभ्या गाडीत ब्रेक दाबून एन→डी आणि एन→आर पाच-पाचदा, प्रत्येक वेळी तीन सेकंद थांबून. या काळात किक-डाऊन (अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण दाबून गिअर खाली आणणं) नको.

मग टाइम लॅग आणि लॉग पुन्हा. आर १.५ च्या आत आला आणि २→३ चा उंचवटा गेला की झालं. आर सुधारला पण ३ ला उंचवटा उरला, तर सी३ च्या प्लेटा गुळगुळीत झाल्यात असं समजून पाचशे किमी थांबा, अ‍ॅडाप्टेशन पुन्हा बघा. आकडा मधे स्थिरावला तर चालू द्या, वर सरकत राहिला तर प्लेटा बदलाव्या लागतील.

---

रहाटगाडगं

वॉल्व्ह बॉडी बदलली, कॅलिब्रेशन भरलं, अ‍ॅडाप्टेशन केलं. ऑइल ३.९ लिटर निघालं, तेवढंच भरलं. कूलरचा प्रवाह बरोबर.

८७ अंशांला टाइम लॅग: डी ०.८, आर १.१. २→३ मध्ये गुणोत्तर २.३७० वरून सरळ १.५५६ वर, ४→५ पण स्वच्छ. सी३ चं अ‍ॅडाप्टेशन मध्याजवळ. कोड नाही.

---

पाऊलवाट

शेवटचा प्रश्न. फेल-सेफमध्ये गेलेली अशी गाडी चालवत न्यावी की ओढून?

---

चक्रधर

फेल-सेफमध्ये एकच मधला गिअर मिळतो, कन्व्हर्टरवर ताण येतो आणि ऑइल तापतं. पातळी बरोबर असेल, घसरत नसेल, तर हलक्या पायानं जवळच्या गॅरेजपर्यंत चालेल, चढ टाळून. घसरत असेल तर इंजिन बंद करा. आणि ओढायची वेळ आली तर पुढची चाकं उचलूनच, किंवा पूर्ण गाडी ट्रकवर. इंजिन बंद असताना पंप फिरत नाही, पुढची चाकं रस्त्यावर फिरत राहिली तर आतले बुश आणि बेअरिंग ऑइलशिवाय फिरतात.